दगडखाणीत माणूस दगावू नये म्हणून: काठापासून तळापर्यंत कामाचा क्रम

खाणीत माणूस गेला की दुसऱ्या दिवशी हेल्मेटची पेटी येते आणि आठवडाभर सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या दिसतात. हेल्मेट हवेच, पण मुठीएवढा दगड अडवण्यापलीकडे त्याची ताकद नाही. उघड्या खाणीत माणसे मरतात ती दरड कोसळून, टिपर किंवा पोकलेनखाली सापडून, काठावरून पडून, सुरुंगाचा दगड लागून आणि क्रशरच्या पट्ट्यात ओढली जाऊन. यातल्या एकाही ठिकाणी हेल्मेट पुरत नाही.

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या काळ्या दगडाच्या आणि जांभ्याच्या खाणी चालवणारे, तिथले मॅनेजर, मेट (रोजच्या पाहणीची जबाबदारी असलेला माणूस) आणि मुकादम यांच्यासाठी हा लेख आहे. चूक बहुधा क्रमात होते. दगड तळाला असतो, पैसा तळाला असतो, म्हणून काम तळापासून सुरू होते आणि वरचा काठ तसाच राहतो. सुरक्षेचे काम वरून खाली करायचे: आधी काठ, मग भिंत, मग सुरुंग, मग रस्ता, मग मशीन. हा क्रम उलटला की खालची सगळी खबरदारी वाया जाते.

## टप्पा 1: खणण्याआधी मोजणी

‘आमची खाण छोटी, आम्हाला नियम लागू नाहीत,’ हे वाक्य फार ऐकू येते. 1952 च्या खाण कायद्याने मुरूम, जांभा, इमारतीचा दगड, खडीचा दगड यांना सूट दिली ती तीन अटींवर: खोली सर्वांत उंच ते सर्वांत खोल बिंदूपर्यंत कुठेही 6 मीटरपेक्षा जास्त नको, एका दिवसात कामावर 50 पेक्षा जास्त माणसे नकोत आणि स्फोटके वापरायची नाहीत. तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या तरच सूट. खडीची खाण सुरुंगाशिवाय चालत नाही, म्हणजे काळ्या दगडाची खाण या सुटीत बसतच नाही. जांभ्याच्या खाणीत चिरे मशीनने कापतात, सुरुंग लागत नाही. पण खोली 6 मीटरच्या खाली गेली की तीही नियमात आली. सूट असली तरी 18 वर्षांखालचे पोर कामावर ठेवता येत नाही.

आता जागेचे गणित. खाली दिलेली बहुतेक मापे मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, 1961 मधली आहेत. हद्दीपासून आत 7.5 मीटर पट्टा न खणता सोडायचा. सार्वजनिक रस्ता, रेल्वे किंवा दुसऱ्याच्या इमारतीपासून 45 मीटरच्या आत परवानगीशिवाय खणायचे नाही.

समजा, एक एकर चौकोनी जागा आहे, म्हणजे बाजू साधारण 63 मीटर. वर साडेचार मीटर मुरूम, खाली 12 मीटर दगड. एका बाजूचा हिशेब असा: हद्दीचा पट्टा 7.5 मीटर. मुरमाच्या दीड-दीड मीटरच्या तीन पायऱ्या, त्यांची रुंदी मिळून 4.5 मीटर. मुरूम संपून दगड सुरू होतो तिथे सोडलेला कट्टा 3 मीटर. दगडाच्या 6 मीटरच्या दोन बेंचांमध्ये, म्हणजे भिंतीच्या दोन टप्प्यांमध्ये, 6 मीटर रुंदीची पायरी. बेरीज 21 मीटर. दोन्ही बाजूंचे 42 वजा केले की तळाला 21 मीटरचा चौकोन उरतो आणि त्यातच टिपरची वाट बसवायची आहे.

हा आकडा पाहूनच बरेच जण पायऱ्या सोडून सरळ भिंत कापतात. एकराची जागा 16 मीटर खोल न्यायचीच नसते. एकतर शेजारची जागा घेऊन खाण रुंद करा, नाहीतर एका बेंचवर थांबा. तिसरा मार्ग नाही.

तपासा: हा हिशेब कागदावर मांडून जागेवर चुन्याने आखला आहे का? आखणी नसेल तर पोकलेनचा ड्रायव्हर जिथे दगड चांगला दिसेल तिथे जातो, आणि त्याला दोषही देता येत नाही.

## टप्पा 2: काठ

खाणीच्या कडेपासून 3 मीटरपर्यंत झाड, सुटा दगड, मातीचा ढीग, मुरूम काहीही ठेवायचे नाही. डिझेल वाचवायला वरची माती काठावरच ओतली जाते. उन्हाळ्यात ती गप्प बसते. मिरगाचा पाऊस पडला की तीच माती पाणी पिऊन जड होते, काठावर भार टाकते आणि खालचा मुरूम घेऊन खाली येते. माती टाकायची जागा पहिल्याच दिवशी ठरवा आणि ती खाणीच्या चढाच्या बाजूला नको.

चढाच्या बाजूने येणारे पाणी वळवण्यासाठी चर काढा. चर काठापासून लांब, पक्क्या जमिनीत हवा. काठालगतचा चर पाणी भिंतीतच मुरवतो, मग तो नसलेला बरा.

काठावर भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी खुंटी ठोका, दोन खुंट्यांमधले अंतर टेपने मोजून तारखेसह वहीत लिहा आणि रोज सकाळी पुन्हा मोजा. अंतर वाढत असेल तर त्या भिंतीखालचे काम त्याच क्षणी बंद करा आणि भेगेच्या मागून उतार कापून तो भाग उतरवा. पाणी जाऊ नये म्हणून भेग चिकणमातीने बुजवली तरी मोजणे थांबवायचे नाही. भेग बुजवल्यावर ती दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून विसरली जाते, हा इथला खरा धोका.

काठाला कुंपण हवे. एकेरी तार किंवा चुन्याची रेघ रात्री जनावराला दिसत नाही, पावसात माणसालाही नाही.

## टप्पा 3: भिंत आणि पायऱ्या

मुरूम, माती, भरावाची जमीन: उतार 45 अंशांपेक्षा उभा नको. पायऱ्या कापल्या तर एका पायरीची उंची दीड मीटरपर्यंत आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. कठीण दगड: बेंचची उंची 6 मीटरपर्यंत. यापेक्षा उंच बेंच मशीनने चालवायचा असेल तर खाण सुरक्षा महासंचालनालयाची, म्हणजे डीजीएमएसची परवानगी आधी लागते. बेंचची रुंदी निदान उंचीएवढी. त्यावर टिपर भरायचा असेल तर टिपरच्या रुंदीच्या तिप्पट, म्हणजे 8 मीटरच्या आसपास.

आकडे पाळूनही भिंत कोसळते, कारण आपला काळा दगड एकसंध नाही. लाव्ह्याच्या थरांवर थर बसून तो झाला आहे आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा असतो. कोरडा असताना तो घट्ट दिसतो, भिजला की बोटाने उकरता येतो. पट्टा झिजला की वरचा दगड अधांतरी राहतो. तो दगडही उभ्या सांध्यांनी फुटलेला असतो, म्हणून पडतो तेव्हा अख्खा खांब सुटून येतो. अशा पट्ट्याच्या पातळीवरच बेंचचा कट्टा सोडा, म्हणजे त्याच्या डोक्यावर उंच भिंत राहणार नाही. वरच्या कुजक्या दगडात गोल गोटे असतात. भोवतालचा मुरूम धुपला की ते पूर्वसूचना न देता घरंगळतात, त्यामुळे मुरमाच्या पायऱ्या कापतानाच ते काढून टाका.

खानापूर बाजूच्या जांभ्याची गत वेगळी. चिरे कापत गेल्यावर भिंत आरशासारखी सरळ होते आणि बघणाऱ्याला ती पक्की वाटते. जांभ्याखाली पांढरट-पिवळी मऊ माती लागते. तिच्यात पाणी साचले की वरची सरळ भिंत पायातून सुटते. मऊ माती लागली की कापणे थांबवा. चार चिऱ्यांच्या थरांसाठी तिच्यात शिरू नका.

सावधान: भिंत खालून पोखरून वरचा भाग आपोआप पाडायचा, ही जुनी सवय आहे. नियमाने ती सरळ मना आहे. पडणारा भाग कधी पडेल ते पोखरणाऱ्याला कळत नाही, आणि तो नेमका खाली असतो.

## टप्पा 4: रोज सकाळची पाहणी आणि सुटे दगड पाडणे

कामावर माणूस उतरण्याआधी मेटने खाणीला वरून एक फेरी मारायची, नंतर खालून. पहिली वरून, कारण भेगा खालून दिसत नाहीत. पाहणी चार वेळा हवी: रोज सकाळी, पाऊस पडून गेल्यावर, सुरुंगानंतर आणि जेवणाच्या सुटीनंतर काम पुन्हा सुरू करताना. शेवटची बहुतेक ठिकाणी होत नाही. उन्हाने तापलेली भिंत तासाभरात खडे सोडू लागते.

पहारीने दगडावर ठोका. खणखणीत आवाज आला तर दगड धरून आहे. बद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे, तो पाडायचाच. ‘उद्या बघू’ म्हणून त्यावर खडूने फुली मारून सोडू नका.

सुटे दगड पाडताना वरून खाली यायचे. माणूस खालच्या बाजूला नव्हे, दगडाच्या आडव्या बाजूला उभा हवा. काठावर किंवा भिंतीवर काम करणाऱ्याला पूर्ण अंगाचा हार्नेस आणि मागे पक्क्या दगडात ठोकलेल्या दोन स्वतंत्र खुंट्यांना बांधलेला दोर. कमरेच्या पट्ट्याने पाठ मोडते, तो नको. दोर झाडाला किंवा पोकलेनला बांधायचा नाही, पोकलेन हलते. खाली दोन बाजूंना माणूस ठेवून वाट बंद करा. जिथे पोकलेनचा बकेट पोचतो तिथे माणूस चढवूच नका, बकेटने ओरबाडून घ्या. त्या वेळी पोकलेनच्या चेन भिंतीशी काटकोनात ठेवा, म्हणजे दरड आली तर ड्रायव्हर सरळ मागे जाऊ शकतो. चेन भिंतीला समांतर असेल तर आधी वळावे लागते आणि तेवढा वेळ मिळत नाही.

तपासा: वहीत तारीख, वेळ, कोणती बाजू, काय आढळले, काय केले आणि सही. ‘सर्व ठीक’ एवढेच रोज लिहिले असेल तर पाहणी झालेली नाही असे समजा.

## टप्पा 5: ड्रिलिंग आणि सुरुंग

सुरुंग फक्त ब्लास्टरचे प्रमाणपत्र असलेल्याने भरायचा आणि उडवायचा. दुसऱ्या खाणीचा ब्लास्टर सही करतो आणि इथला ड्रिलवाला भरतो, ही व्यवस्था सगळ्यांना माहीत आहे आणि माणसेही तिनेच मारली आहेत. विजेवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक डिटोनेटरचे, म्हणजे स्फोटक उडवणाऱ्या छोट्या नळीचे, उत्पादन, आयात आणि ते बाळगणे यांवर 1 एप्रिल 2025 पासून बंदी आहे. जुना साठा कुठे पडून असेल तर तो पुरवठादार आणि पेसो, म्हणजे स्फोटकांवर नियंत्रण ठेवणारी केंद्रीय संस्था, यांच्यामार्फतच निकाली काढा. आता काम शॉक ट्यूबच्या, म्हणजे नॉनेलच्या किंवा इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरवर.

भोके मारण्याआधी मागच्या सुरुंगाचा चुरा हटवून, बेंच धुऊन जुनी भोके शोधा. जुन्या भोकाच्या बुडख्यात ड्रिल लावायचे नाही, कितीही सोयीचे वाटले तरी. त्यात न उडालेले जिलेटिन असू शकते.

ड्रिल चालू असताना ड्रिलवाल्याने एक नोंद ठेवायची, जी कुणी ठेवत नाही: धूळ कोणत्या खोलीवर तांबडी झाली आणि रॉड कुठे एकदम सरकला. तिथे मऊ पट्टा किंवा पोकळी आहे. त्या खोलीवर स्फोटक ठेवले तर सगळा जोर त्या फटीतून बाहेर येतो आणि दगड गोळीसारखा उडतो. तिथे स्फोटकाऐवजी ठासणी, म्हणजे भोक बंद करणारी माती किंवा खडी, भरायची.

दगड लांब उडण्याची बाकी कारणे अशी. पहिल्या ओळीच्या भोकापुढे दगड कमी असणे. भिंत वर फुगीर आणि मध्ये आत गेलेली असते, वरून अंतर बरोबर दिसते आणि मध्ये अर्धेच भरते. म्हणून काठावरून आडवी काठी धरून, तिला वजन बांधलेली टेप खाली सोडून दर मीटरला अंतर मोजा. 100 मिलिमीटरच्या भोकाला पुढे अडीच ते तीन मीटर दगड हवा. दुसरे कारण अपुरी ठासणी. जॅक हॅमरच्या 32-34 मिलिमीटरच्या दीड मीटर भोकात वरचे निदान 70 सेंटिमीटर, तर 100 मिलिमीटरच्या 6 मीटर भोकात वरचे अडीच मीटर ठासणीचे. लहान भोकाला ओलसर चिकणमाती आणि वाळू, मोठ्याला 8-10 मिलिमीटरची बारीक खडी. नुसती ड्रिलची भुकटी मोठ्या भोकात टिकत नाही. ठासायला लाकडी काठी. लोखंडी सळई भोकाजवळ आणायचीही नाही.

तिसरे कारण मोठे धोंडे फोडण्यासाठी लावलेले छोटे सुरुंग. धोंड्याला चारी बाजू मोकळ्या असतात, त्यामुळे छोटा सुरुंगच सर्वांत लांब दगड फेकतो. हे काम रॉक ब्रेकरला द्या. ब्रेकरचे भाडे जास्त पडते ही तक्रार खरी आहे, पण खर्चाची तुलना करायचीच तर शेजारच्या गोठ्याचे पत्रे, पोलीस ठाणे आणि बंद पडलेली खाण हेही हिशेबात धरा.

आता माणसे हटवणे. 500 मीटरचा घेरा धरा. प्रत्येक वाटेवर लाल झेंडा आणि शिटी घेतलेला माणूस. डांबरी रस्ता, गाडीवाट आणि शेताचा बांध, तिन्ही ठिकाणी. आपल्याकडे खाणीला लागूनच ऊस असतो. उभ्या उसात माणूस दिसत नाही आणि तोडणीच्या दिवसांत टोळी तिथेच काम करत असते. मेंढरे घेऊन आलेला धनगर भोंग्याचा अर्थ ओळखेलच असे नाही. म्हणून झेंडेवाल्याने उभे न राहता आपल्या बाजूचे शेत फिरून, हाक मारून मोकळे करायचे आणि मग ब्लास्टरला होकार द्यायचा. सगळ्या बाजूंचे होकार आल्याशिवाय सुरुंग नाही. रोजची वेळ एकच ठेवा, ती गावात लावा. उडवणे दिवसाउजेडीच.

ब्लास्टरचा आडोसा छताचा हवा. टिपरच्या मागे उभे राहणे हा आडोसा नाही, दगड वरून येतो.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, दुपारनंतर ढग भरून गडगडाट ऐकू आला की भरणे थांबवा आणि माणसे तशीच मागे घ्या. नॉनेलला विजेची भीती नाही हा समज अर्धाच खरा आहे. प्रत्यक्ष वीज पडली तर कोणताही डिटोनेटर उडू शकतो.

उडवल्यानंतर: धूर निवळू द्या. आधी ब्लास्टर एकटा जातो. भरलेली भोके आणि उडालेली भोके यांचा मेळ बसला, भिंत पाहिली, की मग ‘ऑल क्लिअर’चा भोंगा. मेळ बसला नाही किंवा शंका आली तर निदान 30 मिनिटे कुणी जवळ जायचे नाही.

सावधान, न उडालेला सुरुंग: जिलेटिन ओढून काढायचे नाही, ठासणी उकरायची नाही, हवेने फुंकायची नाही, पोकलेनचा बकेट घालायचा नाही. जागा अडवा. लहान भोकाच्या बाबतीत ब्लास्टर स्वतः निदान 30 सेंटिमीटर दूर, समांतर नवे भोक मारून घेतो आणि ते उडवतो. नंतरच्या चुऱ्यात डिटोनेटर हाताने, नजर ठेवून शोधायचा. तो सापडेपर्यंत तो माल क्रशरला जात नाही. पाळी बदलताना ही गोष्ट तोंडी नव्हे, लिहून सांगायची.

उरलेले जिलेटिन त्याच दिवशी परवानाधारक मॅगझिनमध्ये, म्हणजे स्फोटकांच्या कोठारात, परत. डिटोनेटर आणि जिलेटिन एका गाडीत, एका खोलीत, एका पिशवीत नाही. पुरायचे नाही, जाळायचे नाही, विहिरीत टाकायचे नाही. 2021 च्या जानेवारीत शिवमोग्याजवळच्या हुणसोडूत आणि फेब्रुवारीत चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यातल्या हिरेनागवल्लीत माणसे मेली ती भिंतीशी सुरुंग उडवताना नव्हे. पहिल्या ठिकाणी स्फोटकांनी भरलेली गाडी उडाली, दुसऱ्या ठिकाणी बेकायदा ठेवलेला साठा निकाली काढायला नेताना स्फोट झाला.

## टप्पा 6: टिपर, पोकलेन आणि वाट

दहा चाकी टिपर अडीच मीटर रुंद असतो. एकेरी वाटेला त्यात 3 मीटर मिळवा, म्हणजे साडेपाच. दुहेरीला टिपरच्या रुंदीची दुप्पट अधिक 5 मीटर, म्हणजे 10. चढ 16 मीटरला 1 मीटर, थोड्या अंतराच्या रॅम्पवर फार तर 10 ला 1. एक 6 मीटरचा बेंच उतरायला निदान 60 मीटर रॅम्प लागतो. 30 मीटरच्या रॅम्पने भरलेला टिपर चढवता येतो, पण ओल्या मुरमावर ब्रेक सुटला की तो थांबवता येत नाही.

वाटेच्या मोकळ्या कडेला बांध हवा, उंची टिपरच्या चाकाएवढी, वर 1 मीटर आणि तळाला अडीच मीटर रुंद. हातभर उंचीची मातीची ओळ हा बांध नव्हे, चाक त्यावरून अलगद पलीकडे जाते. माल ओततात तिथेही असाच बांध लागतो, कारण मागे येताना ड्रायव्हरला कड दिसत नाही.

मागे घेण्याचा भोंगा चालू हवा. मागे घेताना खूण करणारा माणूस ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात दिसेल असाच उभा राहील. आरशातून गेला की ड्रायव्हरने थांबायचे. पोकलेन फिरते तेव्हा मागचा वजनाचा भाग माणसाला भिंतीशी किंवा टिपरशी चिरडतो. बकेटच्या पूर्ण पल्ल्याच्या आत कुणी नको, टिपरचा ड्रायव्हरही केबिनबाहेर नको.

उन्हाळ्यात दुपारी टिपरच्या सावलीत डुलकी घेणारी माणसे चाकाखाली जातात. याला शिस्तीचा फलक पुरत नाही. पत्र्याची शेड, पाणी आणि बसायला जागा द्या, माणूस आपोआप टिपरखालून निघतो. तरीही ड्रायव्हरने चालू करण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारायची, हॉर्न द्यायचा आणि दहा आकडे मोजायचे.

हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, तार वाटेवरून जात असेल तर दोन्ही बाजूंना कमान उभी करा, म्हणजे वर राहिलेली बॉडी आधी कमानीला लागेल. बॉडी तारेला चिकटलीच तर ड्रायव्हरने केबिनमध्येच बसून राहायचे, फोन करायचा. आग लागली तरच, दोन्ही पाय जोडून, गाडी आणि जमीन एकदम न धरता उडी.

## टप्पा 7: क्रशर

पट्ट्याच्या शेपटाच्या ड्रमवर चिकटलेला माल चालू पट्ट्यावर फावड्याने किंवा हाताने खरवडणे, क्रशरवरचे बरेच बळी या एका कामात जातात. पट्टा आणि ड्रम मिळतात त्या फटीत हात गेला की माणूस ओढला जातो, मागे घ्यायला वेळ नसतो. शेपटाच्या ड्रमला जाळी, जाळी काढली तर पट्टा सुरू होणार नाही अशी जोडणी, आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण लांबीची, ओढली की पट्टा थांबेल अशी ओढदोरी. ओढदोरी आठवड्यातून एकदा खरोखर ओढून पाहा. धुळीने तिचे स्विच अडकतात.

क्रशरच्या जबड्यात दगड अडकला तर क्रम असा: मोटर बंद, मेन पॅनेल बंद, पॅनेलला आत जाणाऱ्या माणसाचे स्वतःचे कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. दोघे आत जात असतील तर दोन कुलुपे. मग स्टार्ट बटण दाबून मशीन मेले आहे याची खात्री. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्या, ते वजनामुळे बराच वेळ फिरत राहते, आणि थांबल्यावरही अडकलेला दगड सुटताच जबडा एकदा हलतो. त्यामुळे जबड्यात उतरून घण मारायचा नाही. ब्रेकरने फोडा किंवा साखळीने उचला.

लुंगी, गळ्यातला टॉवेल, मोकळा पदर पट्ट्याजवळ चालणार नाही. बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात तो पदर खोचून, कमरेला घट्ट हवा.

## टप्पा 8: माणसे

एकाच खाणीत मराठी मुकादम, विजापूर-बागलकोटकडची कन्नड बोलणारी टोळी आणि उत्तरेकडचा हिंदी बोलणारा पोकलेन ड्रायव्हर असतो. धोक्याच्या क्षणी भाषांतराला वेळ नसतो. ‘थांब’साठी शिटीचा एक लांब सूर, ‘पळा’साठी तुटक शिट्या आणि हाताच्या दोन खुणा सगळ्यांकडून पहिल्या दिवशी करून घ्या. फलकावर मराठी, कन्नड, हिंदी आणि चित्र.

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी भिंतीखाली पाठवू नका. नियमाप्रमाणे प्रशिक्षण झाल्याशिवाय तो कामावर येत नाही, आणि त्यानंतरही काही दिवस जुन्याच्या जोडीने.

साधने: हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्यासह, लोखंडी टोकाचे बूट, चमकदार जाकीट, ड्रिलवाल्याला कानाची साधने. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडच्या वाळूच्या दगडात सिलिका भरपूर. तिथे कोरडे ड्रिल म्हणजे सिलिकोसिस, त्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार. पाण्याने ड्रिल करा, रुमालाचा उपयोग नाही.

## टप्पा 9: अपघात झालाच तर

पहिला माणूस दरडीखाली सापडतो, दुसरा त्याला काढायला धावलेला असतो. आधी एकाला वर काठावर नजर ठेवायला उभे करा, मशीन बंद करा, मग आत जा. वाहते रक्त दाबून धरा. पाठीला मार असेल तर चादरीत गोळा करून न उचलता फळीवर सरळ घ्या. 108 ला फोन करताना खाणीचे नाव सांगून उपयोग नाही, आतली वाट कुणाला माहीत नसते. डांबरी रस्त्यावरची खूण सांगा आणि तिथे माणूस उभा करा. हा मजकूर आधीच लिहून फोनजवळ चिकटवा.

डीजीएमएसला फोनने लगेच आणि ठरलेल्या फॉर्मवर 24 तासांत कळवायचे. सुटकेसाठी लागेल तेवढे सोडून निरीक्षकाच्या परवानगीशिवाय जागा हलवायची नाही. दुपारपर्यंत तळ साफ करून काम चालू करणाऱ्यांना कारण कधीच सापडत नाही.

## टप्पा 10: पावसाळा आणि सोडून दिलेले खड्डे

खानापूरकडे जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही. उभ्या भिंतीखालचे काम मेअखेर आटोपा आणि पावसाळ्यात वरच्या बेंचवर काम करा किंवा साठवलेल्या मालावर क्रशर चालवा. पाणी उपसताना भिंतीला लागलेले पाणी झटकन खाली नेले तर भिजलेली माती आधार सुटून घसरते, म्हणून हळूहळू उपसा आणि त्या काळात भिंतीखाली कुणी नको. पंपाला 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, लावा, केबल पाण्यातून नेऊ नका.

दगड संपलेला खड्डा पाण्याने भरला की आसपासची पोरे पोहायला आणि म्हशी धुवायला येतात. काठापासून दोन पावलांवर 10-12 मीटर पाणी असते आणि सरळ भिंतीला धरून वर यायला जागा नसते. चारी बाजूंनी दगडी बांध किंवा जाळीचे कुंपण घाला, एका बाजूला रॅम्पचा उतार न बुजवता ठेवा, काठावर दोर आणि हवा भरलेली टायरची ट्यूब टांगा. कुंपणाची पाहणी एकदा एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी लागण्याआधी आणि एकदा पाऊस उघडल्यावर करा. जाळी आणि खांब चोरीला जातात, म्हणून दुरुस्तीचे सामान खाण बंद करतानाच बाजूला काढून ठेवा.